बीबीसी मायक्रो: चित्र वीस मिनिटांत फाटतं. तापतंय नक्की काय, अ‍ॅडॅप्टर की व्हिडिओ यूएलए?

कृष्णाकाठ

मंडळी, मदत हवी आहे, आणि थोडी घाई आहे. पुढच्या महिन्यात आईला पंचाहत्तर पूर्ण होतात.

आई शाळेत गणित शिकवायची. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' या संगणक-शिक्षणाच्या प्रकल्पातून पहिल्या टप्प्यात अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक दिले गेले. पुढच्या एका टप्प्यात तिच्या शाळेतही दोन यंत्रं आली. गणिताच्या बाई म्हणून प्रशिक्षणाला तिलाच पाठवलं. पुढे शाळेने जुनं सामान लिलावात काढलं, तेव्हा त्यातलं एक यंत्र तिने पावती फाडून रीतसर घरी आणलं. तेव्हापासून ते माळ्यावर होतं. वाढदिवसाला ते सुरू करून तिच्यासमोर ठेवायचं, एवढंच मनात आहे.

आतापर्यंत केलेलं सांगतो. पॉवर सप्लाय उघडला. मेन्स फिल्टरचे दोन पिवळे पारदर्शक कपॅसिटर तडकले होते, ते चालू करण्याआधीच बदलले. पाच व्होल्ट नीट मिळाले. बटण दाबल्यावर तो ओळखीचा आवाज आला, आधी लांब खालचा, मग छोटा वरचा. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली ती हात पुसतच.

घरात जुना टीव्ही नाही. म्हणून यंत्राचं चित्र आजच्या मॉनिटरवर दाखवणारा अ‍ॅडॅप्टर, म्हणजे ऑनलाइन मिळतो तो आरजीबी-टू-व्हीजीए बोर्ड घेतला आणि यंत्रामागच्या सहा पिनांच्या डिन सॉकेटमधून लाल, हिरवा, निळा, सिंक आणि ग्राउंड जोडले. बोर्डावर '५ ते १२ व्होल्ट' छापलंय, म्हणून यंत्राच्या खाली डिस्क ड्राइव्हसाठी जे पॉवरचं सॉकेट असतं त्यातले १२ व्होल्ट दिले. बोर्ड दुहेरी टेपने झाकणावरच मागे डाव्या बाजूला चिकटवला.

चित्र सुंदर येतं. पण आठ-दहा मिनिटांनी मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणतो. बंद करून थांबलं की परत येतं. शिवाय कधी कधी वीसेक मिनिटांनी मोड ० मध्ये (सगळ्यात बारीक ठिपक्यांच्या पडद्यावर) अक्षरांच्या कडांवर पांढरे ठिपके नाचू लागतात. बोर्डाला हात लावला तर चटका बसतो. बोर्डच खराब आहे ना? दुसरा मागवू का?

गारवा

मागवू नका. आधी १२ काढा, ५ द्या.

रोहित्र

गारवांशी सहमत, पण कारण कळलं तर पुढेही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

अशा बोर्डांवरच्या चिप ३.३ आणि १.८ व्होल्टवर चालतात. बाहेरून येणारे व्होल्ट तिथपर्यंत खाली आणायचे दोन मार्ग आहेत. एकात कॉइल असते, वीज तुकड्यातुकड्याने सोडली जाते आणि फारशी उष्णता होत नाही. दुसऱ्यात एक तीन पायांचा सपाट रेग्युलेटर असतो. तो जादाचे व्होल्ट स्वतःच्या अंगावर घेतो आणि त्यांची उष्णता करतो. धरणाचं जास्तीचं पाणी सांडव्यावरून सोडल्यासारखं. ते पाणी शेताला मिळत नाही, पण सांडव्याला झेलावं लागतं.

तुमच्या बोर्डात कोणता मार्ग आहे ते ओळखायला बोर्डाचा नकाशा लागत नाही. मल्टिमीटर अ‍ॅम्पिअरवर लावा, १२ व्होल्टवर बोर्ड किती घेतो ते बघा आणि मग ५ वर बघा. दोन्हीकडे आकडा सारखाच आला तर सगळे रेग्युलेटर सरळ आहेत. १२ वर बराच कमी आला तर आत कॉइलवालं स्विचिंग आहे. या बोर्डाच्या बाजारात इतक्या आवृत्त्या आहेत की दुकानदाराचं वर्णन वाचून काही ठरत नाही. छापलेल्या '५ ते १२' चा अर्थ '१२ वर जळणार नाही' एवढाच घ्यायचा. '१२ वर सुखी राहील' असा तो होत नाही.

आणि दुसरं, बोर्ड जिथे चिकटवलाय तिथे झाकणाखाली बीबीसीचा पॉवर सप्लायच बसलेला आहे. तव्यावर पातेलं ठेवलंय तुम्ही. तिथून हलवा.

पाटी_पेन्सिल

आमच्याही शाळेत होते हे! चपला बाहेर काढून आत जायचं, खिडक्यांना जाड पडदे, आणि एका यंत्रावर पाच जण. धाग्याची वाचनखूण साठवली आहे. आईंना नमस्कार सांगा.

दूरदेशी

मी मिल्टन कीन्सला राहतो. ब्लेचली पार्कच्या संगणक संग्रहालयात बीबीसी मायक्रोंची अख्खी वर्गखोली मांडून ठेवली आहे, ती इथून जवळच. मुलीला घेऊन दोनदा गेलो आणि मग स्वतःचाच एक घेतला.

मी आरजीबी-टू-एचडीएमआय वापरतो. रास्पबेरी पाय झीरो या चिमुकल्या संगणकाच्या डोक्यावर एक छोटी लॉजिक चिप बसवलेली असते. यंत्रातून येणारा प्रत्येक ठिपका ती नेमक्या क्षणी टिपते. बीबीसीचे रंग मुळात डिजिटल आहेत, एकतर आहे किंवा नाही. तुमचा व्हीजीए बोर्ड मात्र ते अ‍ॅनालॉग समजून मोजतो. त्यामुळे चित्र नेहमीच थोडं थरथरतं. माझा पाय झीरो दोन तासांनीही फक्त कोमट असतो. पैसे द्यायचेच असतील तर त्यावर द्या.

एक प्रश्न मात्र विचारतो. मोड ० मधले ठिपके यंत्र गार असताना पहिल्या मिनिटालाही दिसतात का?

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. रोहित्र, मोजलं. १२ व्होल्टवर ०.३८ अ‍ॅम्पिअर, ५ व्होल्टवर ०.३८ अ‍ॅम्पिअर. अगदी सारखं!

मल्टिमीटरबरोबर तापमानाची तार आली होती, तिचं टोक पिवळ्या उष्णतारोधक टेपने रेग्युलेटरच्या पत्र्यावर चिकटवलं. खोलीत ३६ अंश. १२ व्होल्टवर आठव्या मिनिटाला १२८ अंश झाले आणि त्याच क्षणी 'नो सिग्नल'. मग मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर लावला आणि बोर्ड टेबलावर बाजूला ठेवला. अर्ध्या तासाने ५८ अंश, आणि 'नो सिग्नल' एकदाही आलं नाही.

दूरदेशी, पहिल्या मिनिटाला ठिपके नसतात. चित्र थोडं थरथरतं हे खरं, तुम्ही म्हणता तसंच. पण ते नाचणारे पांढरे ठिपके विसाव्या मिनिटालाच येतात. आणि ते अजूनही येतातच. बोर्ड गार असूनही येतात. काल तर चाळिसाव्या मिनिटाला अख्खं यंत्रच गोठलं.

रोहित्र

०.३८ दोन्हीकडे. म्हणजे १२ वर बोर्ड साडेचार वॅट घेत होता आणि ५ वर १.९ घेतोय. मधले अडीच वॅटहून जास्त, नखाएवढ्या दोन पत्र्यांवर, नुसते जळत होते. १२८ ला रेग्युलेटरने स्वतःला बंद केलं, कारण आतल्या सिलिकॉनचं तापमान पत्र्यापेक्षा बरंच वर असतं. बिचाऱ्याने बोर्ड वाचवला तुमचा.

आता दुसरं दुखणं. माझ्या मते तुमच्याकडे पहिल्यापासून दोन दुखणी होती, आणि अ‍ॅडॅप्टर आधी पडायचा म्हणून दुसरं दिसत नव्हतं.

लॅबअसिस्टंट

रोहित्र यांना दुजोरा. मी २७ वर्षं अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काढली. अशा वेळी आयसीला हात घालण्याआधी यंत्रालाच विचारावं.

पुढच्या वेळी पडदा गेला किंवा गोठला की कंट्रोल धरून जी दाबा. बीप आली तर यंत्र जिवंत आहे आणि फक्त चित्र अडलंय. मग बाहेरच्या बोर्डाकडे जा. बीप आली नाही तर यंत्र आतूनच थांबलंय. बीबीसीमध्ये ही परीक्षा फारच नेमकी ठरते, कारण १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचे ठोके आधी व्हिडिओ यूएलए नावाच्या चिपकडे जातात, आणि ८, ४, २, १ मेगाहर्ट्झचे ठोके तिथून बाकीच्या यंत्राला वाटले जातात. म्हणजे ती नुसती चित्राची चिप नाही. यंत्राची नाडीही तिच्याच हातात. ती अडखळली की आधी चित्राच्या कडा फाटतात आणि मग ६५०२ या मुख्य प्रोसेसरलाही ठोका मिळत नाही.

दुसरी परीक्षा: ठिपके नाचत असताना मोड ७ लावून बघा. मोड ७ ची अक्षरं वेगळी टेलिटेक्स्ट चिप तयार करते, यूएलए त्यांना फक्त वाट करून देते. मोड ० मध्ये मात्र बाइटचे आठ ठिपके वेगळे करून १६ मेगाहर्ट्झने पळवायचं सगळं काम यूएलएचं. मोड ७ स्वच्छ आणि मोड ० फाटका, तर बोट कुणाकडे दाखवायचं ते तुम्हाला कळेलच.

गारवा

आणि यूएलएच्या सॉकेटजवळ ५ व्होल्ट मोजा. सप्लायपाशी नाही, आयसीपाशी.

कृष्णाकाठ

आज सगळं केलं. ठिपके नाचायला लागल्यावर मोड ७ लावला, एकदम स्वच्छ. परत मोड ०, परत ठिपके. गोठल्यावर कंट्रोल-जी, बीप नाही.

यूएलएपाशी ४.७१ व्होल्ट मिळाले. सप्लायमधून बोर्डाकडे तीन लाल, तीन काळ्या आणि एक जांभळी अशा सात तारा जातात. त्यातल्या दोन लाल तारांच्या पट्ट्या सैल होत्या आणि आतून काळवंडल्या होत्या. घासून, चिमट्याने हलक्या दाबून परत बसवल्या. आता ४.९६. ठिपके थोडे उशिरा, तिसाव्या मिनिटाला येतात, पण येतात.

यूएलएवर उष्णता बाहेर टाकणारा काळा पंखांचा हीटसिंक चिकटवलेला आहे. त्याला बोट लावलं तर कोमटच लागतो, ४९ अंश. म्हणजे यूएलए तापत नाहीये ना? मग दोष कुठे?

रोहित्र

थांबा! ४९ अंशांचा हीटसिंक ही चांगली बातमी नाही, वाईट आहे.

फेरँटी कंपनीची ती यूएलए बायपोलर आहे. आजची सीमॉस चिप ठिपका बदलतानाच काय ती वीज खाते, स्वस्थ बसली की जवळपास काहीच नाही. फेरँटीच्या चिपमध्ये प्रत्येक गेटमधून प्रवाह सतत वाहतो, काम असो वा नसो. नळ कधीच बंद होत नाही. म्हणून ती तापणारच, आणि म्हणूनच बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या अ‍ॅकॉर्नने तिच्या पाठीवर हीटसिंक चिकटवला. तेव्हा हा प्रकार आकर्षक होता. यूएलए म्हणजे आधीच बनवून ठेवलेल्या कोऱ्या गेटांची चौकट, गिऱ्हाइकाने फक्त वरचा धातूचा थर ठरवायचा. नवी चिप मुळापासून घडवण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. पण १६ मेगाहर्ट्झ तिच्यासाठी काठावरचं होतं. १९८१ च्या डिसेंबरात बीबीसी मायक्रो बाजारात आला तेव्हा लोकांना यंत्रं मिळायला उशीर झाला, त्यातही यूएलएच्या अडचणींचा वाटा होता. नंतर दुसऱ्या कंपनीने त्याच जागी बसणारी चिप बनवली, ती इतकी गार चालते की हीटसिंक लागत नाही. तुमच्याकडे हीटसिंक आहे म्हणजे आधीची आहे.

आता विचार करा. खालची चिप सतत उष्णता ओकतेय आणि वरचा हीटसिंक कोमट. मग उष्णता मध्येच कुठेतरी अडली आहे. तापमानाची तार हीटसिंकवर नको, त्याच्याखाली आयसीच्या काळ्या अंगाची जी कड दिसते तिला लावा.

दूरदेशी

हे वाचून मी आत्ता माझा उघडून पाहिला. माझ्यात गार चालणारी नंतरची चिप निघाली. म्हणजे माझी दोन तासांची बढाई पाय झीरोमुळे नव्हतीच, ती या चिपमुळे होती. कृष्णाकाठ, मी वर जो सल्ला दिला त्याने तुमचे पैसे गेले असते आणि ठिपके राहिले असते.

इथे यूएलएच्या जागी बसणारी व्हिडिओनुला नावाची नवी चिप मिळते. गार चालते आणि ४०९६ रंगांतून निवड करू देते. हवी असेल तर पाठवतो.

कृष्णाकाठ

दूरदेशी, मनापासून आभार, पण आईच्या यंत्रात शक्यतो तीच चिप राहू द्यायची आहे. अगदीच नाइलाज झाला तर कळवतो.

रोहित्र, तुमचं बरोबर निघालं. हीटसिंक ४९, आणि त्याच्याखाली आयसीची कड ८३ अंश! मध्ये दोन मिलिमीटरचंही अंतर नाही. टॉर्च तिरका धरून पाहिलं तर हीटसिंक आणि आयसीच्या मध्ये एका बाजूने केसाएवढी फट आहे, पलीकडचा उजेड दिसतो. गोंद पिवळा होऊन काचेसारखा झालाय आणि एकाच कोपऱ्यावर धरून आहे. हा काढायचा कसा? स्क्रू ड्रायव्हर घालून उचलू का?

लॅबअसिस्टंट

अजिबात नको! असं उचलताना सिरॅमिक आयसीच्या टवक्या उडताना मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत, आणि खालचे पाय वाकतात ते वेगळंच.

बीबीसीत ही चिप सॉकेटमध्ये असते. आधी खाचेच्या बाजूचा फोटो काढा. मग दोन्ही टोकांनी आळीपाळीने, एकेक केसभर, सपाट पट्टीने उचलत आणा. अठ्ठावीस पाय आहेत, पुरता एक चहा होईल एवढा वेळ लागला तरी चालेल. चिप हातात आली की हीटसिंक धरून तिला हलक्या हाताने बाजूला पिळा, वर ओढू नका. कोरडा गोंद पिळल्यावर सुटतो. सुटला नाही तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर सुटवून लगेच बसवू नका. दव पूर्ण वाळेपर्यंत थांबा.

उरलेला गोंद लाकडी काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने. सॉकेटच्या पायांनाही तेच. नंतर थर्मल अ‍ॅडहेसिव्ह लावा, नुसती थर्मल पेस्ट नाही, कारण पेस्ट चिकटत नाही आणि हीटसिंक सरकून शेजारच्या पायांवर पडेल. थर पातळ, वर पुस्तकाचं वजन, आणि एक रात्र.

तांब्याचीतार

मुंबईत लॅमिंग्टन रोडला थर्मल अ‍ॅडहेसिव्हच्या छोट्या ट्यूब मिळतात. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांत विचारा. घरगुती इपॉक्सी वापरू नका. चिकटेल छान, पण उष्णता जाऊ देणार नाही, म्हणजे पुन्हा तेच.

पाटी_पेन्सिल

काय झालं मग? रोज येऊन बघतेय.

कृष्णाकाठ

उशिराबद्दल माफ करा, ट्यूब पुण्याहून यायला चार दिवस लागले.

हीटसिंक फ्रीझर न वापरताच पिळल्यावर सुटला, 'टक्' असा आवाज होऊन. खाली आयसीच्या पाठीवर बोटाच्या पेराएवढीच जागा चिकटलेली होती, बाकी सगळी धूळ. गोंद खरवडायला दीड तास लागला. लॅबअसिस्टंट यांनी सांगितलं तसं एक रात्र पुस्तक ठेवलं.

काल मोड ० मध्ये पडदा अक्षरांनी भरून तीन तास चालू ठेवलं. खोलीत ३७ अंश. हीटसिंक ६१, आयसीची कड ६६. हीटसिंकला आता बोट जेमतेम टिकतं, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की दोनदा लावून पाहिलं. ठिपका एकही नाही. गोठलं नाही. अ‍ॅडॅप्टर ५७ वर.

वाढदिवसापर्यंत थांबवलं नाही, आईने आवाज ऐकलाच होता. खुर्ची ओढून बसली आणि न बघता 'मोड ७' टाइप केलं. मी तिला ठिपक्यांचं, तापण्याचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चौथ्या तासाला अक्षरं अशीच फाटायची. एप्रिलात तर रोज. आम्हाला वाटायचं वीज कमी येते. मी टेबलफॅन मुलांवरून काढून यंत्रांवर लावायचे, मग मुलं कुरकुर करायची." मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे पंखा बरोबर लावत होते मी."

लॅबअसिस्टंट

बाईंना सांगा, अगदी बरोबर लावत होत्या.

रोहित्र

६१ आणि ६६. पाच अंशांचा फरक, म्हणजे सांधा उत्तम बसलाय. तरी एप्रिल-मे मध्ये चालवाल तेव्हा वर काही ठेवू नका आणि तासाभराने एकदा कडेला तार लावून बघत जा. ७५ च्या वर गेलं तर थांबवा.

कृष्णाकाठ

नक्की. आणि आईने कपाटातून बिस्किटांचा डबा काढलाय, त्यात चौदा कॅसेट आहेत, तिच्या अक्षरात 'अपूर्णांक', 'पाढे', 'नववी ब' अशा चिठ्ठ्या लावलेल्या. कॅसेटचं काम शेजारच्या सीरियल यूएलएकडे असतं असं वाचलं. तीही फेरँटीचीच आहे. त्याचा वेगळा धागा काढतो.